उजवीकडची तिसरी

बाहेरून कडी घातली तेव्हा आबा आत चहा पीत होते. आवाज होऊ नये म्हणून मी कडी पदरात धरून हळूच सरकवली, तरी ती शेवटी थोडी कुरकुरलीच.

"शालन, नळ आला का गं?" आतून आवाज आला.

"नाही अजून," मी म्हटलं, आणि सख्ख्या बापाला कोंडून चालायला लागले.

एप्रिलचा महिना होता, साल चौऱ्याण्णव. सकाळचे आठ वाजले होते, तरी बेलदार गल्लीतला फुफाटा तापायला लागला होता. चार पावलं गेले आणि मागे वळून पाहिलं. दार गप्प होतं. समोरच्या घराच्या उंबऱ्यात अनसामावशी वेशीत विकायचे फुटाणे पाखडत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं, कडीकडे पाहिलं आणि सूप पुन्हा हलवायला लागली. आमच्या घराशी तिचं बोलणं बंद होतं, मी परकर नेसायची तेव्हापासून. तिच्या मोरीचं पाणी आमच्या दारात यायचं, त्यावरून. आई जाऊन सहा वर्षं झाली, मोरीला सिमेंटचा पाट झाला, पण बोलणं काही सुरू झालं नव्हतं. त्यामुळे तिने पाहिल्याचं मला काही वाटलं नाही. ती कोणाला सांगेल, पण आम्हाला काही बोलणार नाही, एवढी खात्री होती.

हे कोंडायचं माझ्या डोक्यातून निघालं नव्हतं. आदल्या दिवशी दिगूअण्णा लोहकरे वाचनालयात आले होते. ते आमच्या मांडवखेडचे उपनगराध्यक्ष, आणि पेठवेशीला टेकून त्यांचं फोटो स्टुडिओचं दुकान. मी तेव्हा वाचनालयात रोजंदारीवर होते. फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, पुठ्ठे शिवायचे. नवरा मला आणि मी नवऱ्याला कंटाळून दोन वर्षं झाली होती, शाळा सातवीत सुटली होती, आणि खळ वाळेपर्यंत हातातलं पुस्तक वाचायचं, हे माझं कॉलेज.

"शालन, तुझं अक्षर चांगलं आहे," दिगूअण्णा म्हणाले. "उद्या पुरातत्त्वाचे साहेब येतायत. गावातल्या जुन्या इमारतींची यादी करायची. त्यांच्याबरोबर हिंडायचं आणि फॉर्म भरायचे."

"हिंडेन की."

"आणि दुसरं एक काम." त्यांनी कपाट उघडून उगाच एक पुस्तक काढलं, उलटं धरलं. "मिस्त्रींना उद्या घरातच ठेव."

मला कळलं. रस्ता रुंद व्हायचा होता. साखर कारखाना झाल्यापासून उसाचे ट्रक वेशीत अडकायचे, आणि बांधकाम खात्याने पेठवेस पाडायचं ठरवलं होतं. वेस पडली की तिच्या दोन्ही अंगांची बारा दुकानंही जाणार. एकच उपाय होता. वेस सरकारी यादीत 'संरक्षित' म्हणून लागली, की तिला कोणी हात लावू शकत नव्हतं. चारशे वर्षांची वेस, का नाही लागणार?

फक्त अडचण अशी, की ती चारशे वर्षांची नव्हती. म्हणजे होती, पण चौसष्टच्या पावसात तिची कमान फुगून खाली आली, आणि पासष्ट साली माझ्या बापाने ती परत उभी केली. नगरपालिकेच्या कागदात 'किरकोळ डागडुजी' एवढंच लिहिलंय. आणि आबा? आबा त्या वेशीत रोज दुपारी चारला जाऊन उभे राहायचे. एसटीतून उतरलेला कोणी पाहुणा जरा थबकला, जरा मान वर केली, की त्याचा दंड धरायचे. "काय बघता? ही मी बांधली. ह्या हातानं." दुकानदार हसायचे. पोरं नक्कल करायची. मी चारच्या सुमाराला त्या रस्त्याने जायचंच सोडलं होतं.

"ते गप्प बसणार नाहीत अण्णा," मी म्हटलं.

"म्हणून तर. बारा घरांची चूल आहे शालन. एक दिवस कुठं लग्नाबिग्नाला धाड त्यांना."

लग्न काही मिळालं नाही. कडी मिळाली.

साहेब डाक बंगल्याच्या पायरीवर छत्री उघडून बसले होते. बेहेरे नाव. पन्नाशीचे, बारीक, कानात केस, आणि उन्हाचं भय असलेले. गळ्यात दुर्बीण, खिशात छोटा हातोडा.

"तुम्ही शालनबाई? चला. ऊन चढायच्या आत निम्मं गाव संपवू."

गाव लहान असलं की त्याचं सगळं मोठेपण अर्ध्या मैलात मावतं. डाक बंगला झाला. मग टॉवर. त्याला चार बाजूंना चार घड्याळं आणि चारही वेगवेगळ्या वेळेला बंद पडलेली. साहेबांनी विचारलं, "लोक कुठलं मानतात?" मी म्हटलं, "ज्याला ज्या बाजूने उशीर झाला असेल, तो दुसऱ्या बाजूचं." ते हसले. मला हसू येत नव्हतं. मी टॉवरच्या सावलीतून गल्लीचं तोंड दिसतंय का ते पाहत होते.

मग बारव. एकशे आठ पायऱ्या सांगतात, साहेबांनी मोजल्या तर ब्याण्णव भरल्या. मग नगारखाना, ज्यात रेशनची साखर ठेवतात, त्यामुळे तिथला इतिहास मुंग्यांच्या ताब्यात. प्रत्येक ठिकाणी मी फॉर्म भरत होते. लांबी, रुंदी, दगडाचा प्रकार. आणि एक रकाना होता, 'बांधणाऱ्याचे नाव (माहीत असल्यास)'. त्यात प्रत्येक वेळी मी लिहीत होते, माहीत नाही. माहीत नाही. माहीत नाही.

"तुम्हाला कुठं जायचंय का?" बारवेच्या काठावर साहेबांनी विचारलं.

"नाही. का?"

"दर दोन मिनिटांनी मागं बघताय. कोणी पाठलाग करतंय?"

"आमच्याकडे आज नळाला पाणी येतं," मी म्हटलं. खोटं बोलले की माझ्या तोंडून पाणीच का निघायचं, कोण जाणे. खरं तर माझ्या डोळ्यापुढे आबांचा चहाचा कप होता. त्यांनी तो संपवला असेल, विसळला असेल, आणि दाराशी आले असतील. आधी ढकललं असेल. मग हाक मारली असेल. मग कळलं असेल. ते कळतानाचा त्यांचा चेहरा मला ब्याण्णव पायऱ्यांवर दिसत होता.

पेठवेशीपाशी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. तिथे गर्दी जमलेली. बाराही दुकानदार धुतलेले सदरे घालून उभे होते. कोणी कमानीला आंब्याचं तोरण लावलं होतं.

"आज काही सण आहे?" साहेबांनी विचारलं.

"आम्ही रोजच लावतो," दिगूअण्णा म्हणाले. "वेशीबद्दल भावना आहे लोकांची."

साहेबांनी छत्री माझ्या हातात दिली आणि कामाला लागले. कमानीचे दगड खालून वर बोटाने मोजले. "सतरा. लिहा." मी लिहिलं. दुर्बीण लावून प्रत्येक दगडावरची वेलबुट्टी पाहिली. मग शिडी मागवली, वर चढले, सांध्यात हातोड्याचं टोक घालून थोडा चुना काढला. तळहातावर चोळला. वास घेतला. जिभेला लावला.

बारा दुकानं श्वास धरून उभी होती.

खाली उतरले तेव्हा त्यांचा चेहरा बदलला होता. "अण्णासाहेब, ही कमान कधी बांधली?"

"सोळाशे कितीतरी. गावचे जुने लोक सांगतात..."

"चुना तीस वर्षांचा आहे. फार तर पस्तीस."

"सांधे भरले असतील वरवर. डागडुजी."

"वरवरचा नाही. आतपर्यंत तोच आहे. कमान पूर्ण नवी रचलेली आहे." ते रागावले नव्हते, तेच वाईट होतं. कंटाळल्यासारखे बोलत होते. "कुठले तरी जुने दगड गोळा केले आणि जुन्यासारखं काहीतरी उभं केलं. गावोगाव असंच आहे. नक्कल. शालनबाई, लिहा. 'वगळावे.'"

मी पेन टेकवलं. 'व' काढला. आणि मागून आवाज आला.

"थांबा, थांबा सायेब!"

आबा येत होते. डोक्याला टापर गुंडाळलेलं, पायात चपला नाहीत, आणि त्यांच्या मागे दहा पावलांवर, हातात फुटाण्याची पाटी घेऊन अनसामावशी. ती माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करत होती. कडी कोणी काढली ते मला कळलं. दिगूअण्णांनी डोळे मिटून घेतले. आता ते साहेबांचा दंड धरणार, आता ते वाक्य येणार, माझ्या कानात ते आधीच वाजायला लागलं.

आबांनी साहेबांना हात जोडले. "सायेब, ही येस लई जुनी हाय. बादशाच्या येळची. माझा आजा सांगायचा, त्येच्या आज्यानंबी ती अशीच बघितल्याली."

मला वाटलं ऊन लागलं. मलाच.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी कोन न्हाय. शेतकरी मानूस. हितं बसून ऱ्हातो."

"या कमानीचं काम कोणी केलं, माहीत आहे?"

"काम झालंच न्हाय तर कोन करंल? हिला मानसाचा हात लागला न्हाय सायेब. देवाशपथ." आणि वर, गर्दीकडे वळून, "सांगा की रं, मी काय खोटं बोलतोय?"

कोणी हसलं नाही. तीस वर्षं रोज दुपारी ज्या तोंडाने 'मी बांधली' म्हटलं, त्याच तोंडाने ते हे बोलत होते, आणि फार वाईट बोलत होते. सवय नव्हती ना. अनसामावशीने वाटेत त्यांना सगळं सांगितलं असणार, साहेब कशाला आलेत, त्यांना का कोंडलंय. आणि ते रागवायचं सोडून अनवाणी धावत आले होते, गावाच्या बाजूने खोटं बोलायला.

साहेबांनी त्यांचा उजवा हात हातात घेतला. उलटा केला. बोटांच्या पेरांवर चुन्याने खाऊन पडलेले पांढरे वळ होते, अंगठ्याचं नख अर्धं.

"शेतकरी?"

"व्हय. ज्वारी."

"ज्वारीने असे हात होत नाहीत, बाबा." साहेबांनी हात सोडला. "शालनबाई, लिहून झालं का?"

मी 'व'कडे पाहिलं. आबांकडे पाहिलं. ते मला डोळ्यांनी खुणावत होते, लिही, लिही, गप लिही. त्यांना वाटत होतं, साहेबांनी आपल्याला हवं तेच लिहायला सांगितलंय.

"साहेब, ही नक्कल नाही," मी म्हटलं. "हे माझे वडील. हरबा मिस्त्री. ही कमान पासष्ट साली यांनी रचली. पण दगड सगळे तिचेच आहेत, आणि ज्याच्या त्याच्या जागेवर आहेत."

"पोरगी येडी हाय!" आबा ओरडले. "नवऱ्यानं टाकल्याली हाय, तिला भरम हुतो!"

"शालन," दिगूअण्णा दात दाबून म्हणाले, "तुला बारा घरांचं..."

"जागेवर आहेत हे कशावरून?" साहेबांनी विचारलं. प्रश्न मला होता, पण आता ते कंटाळलेले नव्हते. "पडलेल्या कमानीचे दगड ढिगात मिसळतात. नंबर घातले होते?"

"आबांना लिहायला येत नाही. त्यांनी नावं ठेवली होती."

"नावं?"

हे मला आईने सांगितलं होतं. मला निजवताना ती ही नावं म्हणायची, पाळण्याच्या लयीत. कमान पडली तेव्हा वरचे थोडेच दगड खाली आले होते, बाकीचे लोंबकळत होते. आबांनी उरलेले एकेक करून उतरवले, पडलेले वेलबुट्टी जुळवून ओळखले. आणि लक्षात राहावेत म्हणून त्यांना मनात आमच्या गल्लीतल्या घरांच्या ओळीने बसवलं. डावीकडे आठ घरं, उजवीकडे आठ घरं, शेवटाला मारुतीचं देऊळ. प्रत्येक घरातल्या बाईचं नाव एकेका दगडाला. पुरुषांची का नाही, असं मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली होती, पुरुष घरात असतात कुठं?

परक्या बायकांची नावं चारचौघांत घेणं तेव्हा वाईट, म्हणून हे त्यांनी आईखेरीज कोणाला सांगितलं नव्हतं. मी भर वेशीत, उन्हात, म्हणायला लागले.

"डावीकडून. सुंद्रा, हौसा, सरू. सरू म्हणजे माझी आई. काशी, बायजा, मंजुळा, तान्ही, चंपा. वरती मारुती. आणि उजवीकडून खालून, रखमा, गोजरा, धोंडा, इठा, पारू, सगुणा, लक्षी."

गर्दीत कुजबुज झाली. कोणाची आई होती त्यात, कोणाची चुलती.

साहेब बोटांवर मोजत होते. "सोळा."

"काय?"

"तुमची सोळा नावं झाली, शालनबाई. दगड सतरा आहेत. तुम्हीच लिहिलंत." त्यांनी उसासा टाकला. "गोष्ट चांगली आहे. पण पाठ केलेली गोष्ट कमी पडली."

मी परत म्हटलं. मनात, बोटांवर. डावी आठ. मारुती. उजवी... सात. पुन्हा सात. आई इतकी वर्षं म्हणायची, त्यात सातच होती. मी कधी मोजलीच नव्हती. अंगाईला कोण मोजतं? पेनाची शाई बोटावर उतरत होती. साहेबांनी छत्री घेण्यासाठी हात पुढे केला.

"उजवीकडं सात न्हाईत, आठ हाईत!"

आबा होते. इतका वेळ ते मान खाली घालून पुटपुटत होते, मला वाटलं शिव्या देतायत.

"गोजराच्या वर धोंडा कशी बसंल? तिथं वेलीचं पान डावीकडं वळतंय, धोंडाचं पान उजवीकडं हाय! मधी एक हाय. उजवीकडची तिसरी."

"कोण?" साहेब म्हणाले.

आबांना कळलं की आपण काय केलं. पण आता मागे जाणं त्यांच्या हातात नव्हतं, चुकीची रचना त्यांना बघवत नव्हती, मग ती दगडांची असो की नावांची. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुज्या आईनं गाळली तिला. मोरीवरनं भांडान झाल्यावर."

मग हळू म्हणाले, "अनसा."

फुटाण्याची पाटी दाणकन खाली आली.

"मी?" अनसामावशी म्हणाली. "मी हाय त्यात? तीस वर्सं मी हिथं पाटी घिऊन बसती, आन् मला कुनी बोललं न्हाय?"

"काय बोलनार हुतो?" आबा चिडले. "तुज्या दादल्याला सांगू, तुजी बायकू कमानीत बसवली म्हनून? त्यानं मला बसवला असता की खड्ड्यात!"

हसण्याचा एक लोट उठला. साहेबही हसले. मग त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "मिस्त्री, या अनसाबाईंची काही ओळख सांगता येईल? मला इथून दिसेल अशी?"

आबांनी टापर सोडलं, तोंड पुसलं, परत बांधलं. एवढा वेळ त्यांना कधीच लागत नसे.

"खालच्या कडंला टवका हाय. आंगठ्याएवढा."

साहेबांनी पाहिलं. "आहे. पण टवके सगळ्याच दगडांना आहेत."

"ते समदे जुने. काळे पडल्याले. ह्यो पांढरा हाय. ह्यो माझा हाय. बसवताना पहार निसटली. चारशे वर्सं त्या दगडाला काय झालं न्हवतं, सायेब. येवड्या पावसात कमान पडली तरी फुटला न्हाय. आन् माझ्या हातनं."

साहेबांनी दुर्बीण खाली केली.

"म्हनून मी हिथं येतो," आबा म्हणाले. आता ते साहेबांशी बोलत नव्हते, कोणाशीच नव्हते. "कोनी वर बघाय लागलं, की वाटतं, ह्येला दिसला. मंग मी बोलाय लागतो. ही मी बांधली, ही मी बांधली. मानूस मग माझ्याकडं बघतंय. वर बघत न्हाय."

मी छत्री मिटली. तीस वर्षं गाव याला फुशारकी म्हणत होतं, आणि मी याच्यामुळे रस्ता बदलत होते.

साहेबांनी दुपारभर आबांना सोडलं नाही. शिडीवर चढवलं, उतरवलं, एकेक दगड विचारला. काशीच्या कपाळाची खोक, बायजाचा वाकडा कोपरा, सगळं जिथल्या तिथे निघालं. आतल्या, सांध्यात दडलेल्या अंगावर प्रत्येक घराची खूण कोरलीय, हेही आबांनी सांगितलं, पण ती दिसण्यासारखी नव्हती. सूर्य टॉवरमागे गेला तेव्हा साहेब पायरीवर बसले.

"मिस्त्री, मी खरं लिहिणार. कमान परत रचलेली आहे म्हटल्यावर ती संरक्षित यादीत बसणार नाही. नियम तसा आहे."

दिगूअण्णांच्या घशातून कसला तरी आवाज आला.

"पण ती पाडताही येणार नाही, असंही लिहीन. दगड मूळचे आहेत, क्रम मूळचा आहे, आणि तो क्रम माहीत असलेला माणूस हयात आहे. उतरवून दुसरीकडे रचता येईल." त्यांनी आबांकडे पाहिलं. "येईल ना?"

"एकदा केलंय," आबा म्हणाले.

फॉर्मवरचा तो 'व' मी खोडला. बांधणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात काय लिहिलं ते सांगायला नको.

दिगूअण्णा मात्र माझ्याशी पुढे चार वर्षं बोलले नाहीत. त्यांचंही चुकलं नव्हतं. रस्ता झाला, दुकानं मागे सरली, दोन तर कायमची गेली. वाचनालयातली माझी रोजंदारीही त्याच उन्हाळ्यात संपली. कोणी काढलं असं म्हणता येणार नाही. फक्त पुस्तकं फाटायची थांबली, असं मला सांगण्यात आलं.

वेस हलवायचा हुकूम नोव्हेंबरात आला. जागा बारवेजवळची ठरली. ठेकेदार सोलापूरचा, त्याचा इंजिनिअर तरणा, कानाला पेन्सिल लावलेला. आबा एकसष्ट वर्षांचे. डावा डोळा अधू झाला होता, हे मला तेव्हा कळलं. ते दगड हाताने चाचपून सांगायचे आणि मी तेलरंगाने त्यावर नाव घालायची. सुंद्रा. हौसा. सरू. सांध्यातल्या खुणा उजेडात आल्या तेव्हा गल्लीतल्या म्हाताऱ्या जमल्या. कोणाची शेळी निघाली, कोणाचं जातं. आईच्या दगडावर तोंड उघडलेला कावळा होता. आबा म्हणाले, "तिला म्हायती हुतं."

अनसामावशी रोज यायची. पाटी तिने बारवेपाशी हलवली होती. इंजिनिअर एकदा म्हणाला, त्या टवक्यात सिमेंट भरून रंग मारू, दिसणार नाही. आबा काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "माझा दगड हाय. ठिव तसाच."

फेब्रुवारीत कमान पुरी झाली. मारुती बसला. चुना आळायला तीन आठवडे दिले. आणि कमानीला खालून पेलून धरणारा लाकडी साचा काढायचा दिवस आला.

हे मला ठाऊक नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. साचा काढताना, रचणारा मिस्त्री कमानीखाली उभा राहतो. रीत आहे. कमान उभी राहिली तर तो बाहेर येतो.

"हे चालणार नाही," इंजिनिअर म्हणाला. "काका, बाजूला व्हा. माझी जबाबदारी आहे."

"पासष्ट साली तू जन्माला न्हवतास," आबा म्हणाले आणि खाली जाऊन उभे राहिले. "शालन, पाचरी तू काढ."

"मी?"

"दुसऱ्याच्या हातानं नगं. एकदा डावी ठोक, एकदा उजवी. थोडी थोडी. घाई करू नगंस."

साच्याखाली सहा पाचरी होत्या, बाभळीच्या. हातोडा माझ्या हातात जड होता. मी पहिली ठोकली. काही झालं नाही. दुसरी. वरून चिमूटभर चुना गळला आणि आबांच्या टापरावर बसला. अनसामावशी पदर कंबरेला खोचून उठली, चालत गेली आणि त्यांच्या शेजारी, उजव्या अंगाला, जाऊन उभी राहिली.

"तू कशाला?" आबा म्हणाले.

"बसवलंस तवा इचारलं न्हाईस. आता गप ऱ्हा."

तिसरी. चौथी. पाचव्या पाचरीला वर कुठेतरी बारीक आवाज आला, वाळलेली शेंग फुटावी तसा. इंजिनिअर ओरडला, "थांबा!" मी थांबले. माझा हात वरच राहिला. सगळ्यांनी वर पाहिलं, सतरा दगडांकडे. आबांनी नाही पाहिलं. ते सरळ माझ्याकडे बघत होते, चांगल्या डोळ्याने.

"बसतीया ती," ते म्हणाले. "आवाज बसायचाच हाय. एक राह्यलीय. ठोक."

मी ठोकली.

साचा चार बोटं खाली आला. दगड आले नाहीत.